गवालिया टँक: ९ ऑगस्टची सकाळ

मुंबई पाहायला आलेला माणूस गेट वे ऑफ इंडियाला जातोच. पंचम जॉर्ज राजाच्या १९११ सालच्या भेटीची आठवण म्हणून ती कमान बांधली गेली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी तिथूनच बोटीवर चढली. पण ‘आता इथून जा’ असं त्या साम्राज्याला जिथे बजावलं गेलं, ते मैदान तिथून काही किलोमीटरवर आहे आणि तिकडे मुद्दाम जाणारे फार थोडे. ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेला उतरावं, नाना चौक ओलांडावा आणि केम्प्स कॉर्नरकडे जाणारा ऑगस्ट क्रांती मार्ग धरावा. पंधरा-वीस मिनिटांत माणूस मैदानाशी पोचतो.

पहिल्या भेटीत हे मैदान निराश करतं, हे आधीच सांगायला हवं. पोरं क्रिकेट खेळत असतात, एकाच वेळी तीन-चार सामने, कुणाचा चेंडू कुणाच्या खेळपट्टीवर याचा पत्ता नसतो. बागेच्या भागात वयस्कर मंडळी फेऱ्या मारत असतात. एका टोकाला हुतात्म्यांचं स्मारक आहे. जालियनवाला बागेच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा दिसतात, साबरमतीला गांधींची खोली दिसते. इथे जे घडलं ते शब्दांतून घडलं आणि ज्या मांडवात घडलं तो केव्हाच उतरला. म्हणून इथे येताना दोन तारखा मनात घेऊन यावं लागतं. ८ ऑगस्ट १९४२ ची रात्र शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असते. माझं मत असं की हे मैदान खरं कळतं ते ९ ऑगस्टच्या सकाळी.

जुन्या काळी इथे तलाव होता. गवळी गुरं धुवायला तिथे आणत, त्यावरून जागेला नाव पडलं. तलाव बुजला, नाव टिकलं. पुढे अधिकृत नाव ऑगस्ट क्रांती मैदान झालं, तरी टॅक्सीवाल्याला गवालिया टँक म्हटलं की तो अजून दुसरा प्रश्न विचारत नाही.

आत शिरण्याआधी शेजारच्या तेजपाल सभागृहाकडे लक्ष द्यावं. आज नाटकांसाठी ओळखला जाणारा हा परिसर गोकुळदास तेजपाल यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थांचा. इथल्या संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी देशभरातून आलेले ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. खरं तर ते व्हायचं होतं पुण्यात. पुण्यात पटकीची साथ पसरली आणि ऐनवेळी सगळा बेत मुंबईला हलवावा लागला. अध्यक्ष होते कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही मुंबईची मंडळी पुढे होती. मागण्या काय होत्या? कायदेमंडळांत हिंदी लोकांना अधिक जागा द्या, सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्या, लष्करावरचा खर्च आवरा. सगळं सनदशीर आणि सरकारवर विश्वास ठेवून केलेलं. त्याच वास्तूपासून हाकेच्या अंतरावर, ५६ वर्षांनी, त्याच काँग्रेसनं सरकारला चालतं व्हायला सांगितलं. ‘अर्ज-विनंत्यांचं राजकारण’ म्हणून त्या जुन्या पिढीला हिणवण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती अन्यायाची वाटते. संपूर्ण देशाच्या वतीनं बोलणारी एक सभा असू शकते, हे त्या ७२ जणांनी आधी सिद्ध केलं नसतं, तर १९४२ चा ठराव कुणी कुणाच्या नावानं केला असता?

१९४२ च्या ऑगस्टमध्येच हे का घडलं, याचं उत्तर मुंबईत सापडत नाही; त्यासाठी पूर्वेकडे पाहावं लागतं. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. ब्रह्मदेशातून हजारो हिंदी माणसं जंगलं तुडवत, उपाशीपोटी परत येत होती, आणि गोऱ्यांना बाहेर काढताना एक वाट आणि आपल्याला दुसरी, ही हकीकत त्यांच्या तोंडून गावोगाव पसरत होती. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. बंगालमध्ये सरकारनं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून लोकांच्या होड्याच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ज्यांचं पोटच होडीवर, त्यांनी जायचं कुठे? धान्य महागलं, मीठ मिळेना, लोक पोस्टातली शिल्लक काढून घेऊ लागले. अजिंक्य म्हणून मिरवणारं सरकार आपलं रक्षण करू शकत नाही, उद्या पळून जाईल, अशी धास्ती सामान्य माणसाच्या मनात बसली. त्याच वसंतात सर स्टॅफर्ड क्रिप्स वाटाघाटीला आले आणि हात हलवत परत गेले.

तरीही काँग्रेसमध्ये एकमत नव्हतं. नेहरू आणि अध्यक्ष मौलाना आझाद यांना चीन आणि रशिया यांची काळजी वाटत होती. ब्रिटनला अडचणीत आणणं म्हणजे फॅसिस्टांना मदत तर नव्हे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. १४ जुलैला वर्ध्यात कार्यकारिणीनं ठराव केला तो या चर्चेतून गेल्यावरच. म्हणून मुंबईच्या ठरावातही स्वतंत्र हिंदुस्थान आपली सगळी ताकद फॅसिझमविरुद्ध लावेल, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ‘चले जाव’ ही दोन शब्दांची घोषणा लोकांच्या तोंडी बसली. तिचं श्रेय मुंबईचे तेव्हाचे महापौर युसूफ मेहेरअली यांना दिलं जातं. ‘सायमन गो बॅक’ हीसुद्धा त्यांचीच.

७ आणि ८ ऑगस्टला या मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. नेहरूंनी ठराव मांडला, वल्लभभाई पटेलांनी अनुमोदन दिलं. ८ च्या रात्री मतदान झालं आणि ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. विरोधात १३ मतं पडली, बहुतेक कम्युनिस्टांची. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यापासून हे युद्ध त्यांना जनतेचं युद्ध वाटत होतं. मग गांधी बोलायला उभे राहिले. वय ७२. हिंदुस्थानीत दीर्घ भाषण झालं, नंतर ते इंग्रजीतही बोलले.

या भाषणातलं ‘करेंगे या मरेंगे’ सगळ्यांना पाठ असतं. मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे, ठराव मंजूर झाल्याबद्दल सभेचं अभिनंदन करून झाल्यावर गांधींनी विरोधात मत देणाऱ्या त्या १३ जणांचंही अभिनंदन केलं. हजारो लोकांचा समुदाय एका भावनेनं पेटलेला असताना त्याच्याविरुद्ध हात वर करायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य आपल्याला हवं आहे, हा त्यामागचा भाव. देशाच्या इतिहासातल्या सर्वांत तापलेल्या सभेत विरोधकाला असा मान मिळाला, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, गांधींनी त्या रात्री लढा सुरू केलाच नाही. आधी मी व्हाइसरॉयला भेटेन, त्याला दोन-तीन आठवडे लागतील, असं त्यांनी सांगितलं. तोवर लोकांनी काय करायचं? प्रत्येकानं या क्षणापासून स्वतःला स्वतंत्र समजायचं. मग त्यांनी एकेका वर्गाला वेगळं काम दिलं. पत्रकारांनी सरकारी बंधनाखाली लिहिण्यापेक्षा लेखणी खाली ठेवावी. सरकारी नोकरांनी लगेच राजीनामा द्यायची गरज नाही, पण आपली निष्ठा काँग्रेसकडे आहे असं उघड सांगावं. सैनिकांनी आपल्याच लोकांवर गोळी झाडायला नकार द्यावा. संस्थानिकांनी प्रजेचे विश्वस्त व्हावं. विद्यार्थ्यांनी वेळ आली तर अभ्यास सोडायची तयारी ठेवावी. ज्याची कुवत जेवढी तेवढं ओझं त्याच्या खांद्यावर, अशी ती वाटणी होती. हे सांगणारा माणूस काही तासांतच गजाआड जाणार होता, त्यामुळे ही वाटणीच पुढच्या चळवळीची शिदोरी ठरली.

सरकारची तयारी आधीपासूनच होती. ९ ऑगस्ट, रविवार. पहाट फुटायच्या आत पोलीस मलबार हिलवरच्या बिर्ला हाउसमध्ये पोचले आणि त्यांनी गांधींना अटक केली. शहरात जागोजागी उतरलेले बाकीचे नेतेही एकामागून एक ताब्यात घेतले गेले. व्हिक्टोरिया टर्मिनसवर खास गाडी उभी होती. गांधींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, आझाद आणि कार्यकारिणीचे इतर सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात. काँग्रेस समित्या बेकायदा ठरल्या, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. सूर्य वर येईपर्यंत चळवळीला नेता उरला नव्हता, आदेश देणारं कार्यालय उरलं नव्हतं आणि बातमी छापणारा कागदही उरला नव्हता.

गवालिया टँकवर त्या सकाळी झेंडावंदन ठरलेलं होतं. पोलिसांनी मैदान ताब्यात घेतलं होतं, तरी लोक आले. आणि ज्यांचं नाव आदल्या दिवशी कुणी मोठ्या नेत्यांच्या यादीत घेतलं नसतं, त्या ३३ वर्षांच्या अरुणा असफ अली पुढे आल्या. त्यांचे पती असफ अली त्याच पहाटे पकडले गेले होते. अरुणाबाईंनी नेत्यांच्या अटकेची बातमी जमावाला सांगितली आणि तिरंगा फडकवला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या, झेंडा खाली ओढला. सगळं मिळून काही मिनिटांचा प्रसंग. अरुणाबाई त्यानंतर भूमिगत झाल्या. सरकारनं त्यांची मालमत्ता जप्त केली, पकडून देणाऱ्याला ५,००० रुपयांचं इनाम लावलं, पण १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतलं जाईपर्यंत त्या हाती लागल्या नाहीत. १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधींची सभा होणार होती. कस्तुरबांनी सांगितलं, मी बोलेन. त्यांना सभेला पोचण्याआधीच अटक झाली. गिरगाव, दादर, परळ भागांत लोक रस्त्यावर उतरले. लाठीमार झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. आपण ‘ऑगस्ट क्रांती दिन’ ८ तारखेला, ठरावाच्या दिवशी, पाळत नाही. तो ९ ला पाळतो. ही निवड मला अगदी योग्य वाटते. ८ ला नेत्यांनी ठरवलं. ९ ला, नेते नसताना, लोकांनी ते खरं केलं.

८ ऑगस्टच्या मांडवात विल्सन कॉलेजातून शिकून कायद्याचा अभ्यास करणारी २२ वर्षांची एक मुलगी होती, उषा मेहता. वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं गेल्यावर तिनं आणि विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी अशा सोबत्यांनी गुप्त रेडिओ केंद्र उभारलं. ऑगस्ट संपायच्या आत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. तंत्राच्या दृष्टीनं हे काम सोपं नव्हतं. प्रक्षेपक घरगुती नव्हे, त्याला सुटे भाग लागतात, ते युद्धकाळात राजरोस मिळत नाहीत. ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिक्षेपकांच्या कंपनीचे नानिक मोटवाने यांची त्यात मदत झाली. शिवाय प्रक्षेपण सुरू झालं की पोलिसांच्या गाड्या लहरींची दिशा हुडकत फिरत, म्हणून बिऱ्हाड सारखं बदलावं लागे. डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते या केंद्राच्या पाठीशी होते. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव, विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार, अशा दडपलेल्या बातम्या इथून बाहेर पडल्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून चालू प्रक्षेपण पकडलं. चौकशीत उषाबाईंनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात.

मुंबईबाहेर काय झालं ते या मैदानाच्या कथेत सहसा येत नाही, आणि तिथेच तर ती कथा मोठी होते. बरोबर एक महिन्यानं, ९ सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झेंडा हाती असलेला शिरीषकुमार मेहता १५ वर्षांचा होता. तो आणि त्याचे चार सोबती गेले. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी आदिवासी आणि शेतकरी तरुणांची टोळी उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत गावांमध्ये न्यायनिवाडा करत राहिलं. एस. एम. जोशी मौलवीच्या वेषात फिरत होते. १९४२ संपेपर्यंत देशात साठ हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले होते.

हे सगळं अहिंसक नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. चिमूरला १६ ऑगस्टला जमावानं सरकारी अधिकाऱ्यांचे जीव घेतले. त्यानंतर तिथे लष्करानं जे केलं ते त्याहून कितीतरी भयंकर होतं, पण त्यामुळे आधीची हत्या पुसली जात नाही. ही चळवळ सगळ्यांची होती असंही म्हणता येत नाही. मुस्लिम लीग आणि हिंदू महासभा बाहेर राहिल्या, कम्युनिस्ट विरोधात होते, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नुकतेच मजूरमंत्री झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही हा मार्ग चुकीचा मानला. त्यांची कारणं एकसारखी नव्हती आणि त्यांना एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही. ज्या सभेनं १३ विरोधी मतांचा मान राखला, तिच्या मैदानावर उभं राहून हे विसरायचं नाही, असं मला वाटतं.

भेटीला जायचं तर शक्यतो ९ ऑगस्ट टाळू नये. त्या दिवशी मैदानाला मंत्र्यांच्या गाड्या, पोलिसांची दाटी आणि हार-फुलं यांचा वेढा असतो हे खरं. पण चौपाटीवरच्या टिळकांच्या पुतळ्यापासून इथवर निघणारी पदयात्रा मात्र पाहावी. १९४२ मध्ये विद्यार्थी म्हणून तुरुंगात गेलेले आणि पुढे युसूफ मेहेरअली सेंटरचं काम उभारलेले डॉ. जी. जी. परीख वर्षानुवर्षं या पदयात्रेत असत. उषा मेहताही दर वर्षी येत. पुढे त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक आणि मणिभवनच्या अध्यक्ष झाल्या होत्या. २००० सालच्या ऑगस्टमध्ये त्या अंगात ताप असताना मैदानावरच्या कार्यक्रमाला आल्या आणि ११ तारखेला, वयाच्या ८० व्या वर्षी, गेल्या.

इतर दिवशी जाणाऱ्यानं संध्याकाळची वेळ धरावी. स्मारकापाशी जावं, मग गांधींचं ते भाषण सोबत असेल तर त्यातला १३ जणांविषयीचा भाग आणि वेगवेगळ्या वर्गांना दिलेल्या सूचना, एवढं तरी मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. मैदानावर खेळणाऱ्या पोरांमुळे जागेचं पावित्र्य जातं अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. ती मला मुळीच पटत नाही. खुल्या मैदानाचा मुंबईत इतका दुष्काळ आहे की खेळायला मोकळी राहिलेली जागा हाच तिचा सगळ्यात चांगला सन्मान.

दिवसा गेलात तर तिथून चालत मणिभवन गाठता येतं. रेवाशंकर झवेरी यांचं हे घर; १९१७ ते १९३४ या काळात गांधी मुंबईत आले की इथेच उतरत. पुढे उतारानं गिरगाव चौपाटी, जिथे १ ऑगस्ट १९२० रोजी गेलेल्या टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. तेजपाल, मैदान, मणिभवन, चौपाटी: अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत १८८५ पासून १९४२ पर्यंतचा रस्ता पुरा होतो.

या भेटीचा पुढचा टप्पा म्हणून बहुतेक लोक पुण्याचा आगाखान पॅलेस सुचवतील. तो पाहावाच. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई अटकेनंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ ला, तिथे वारले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला; दोघांच्या समाध्या तिथे आहेत. पण ९ ऑगस्टच्या गाडीतून नेते पुण्याला आणि नगरला गेले. चळवळ दुसऱ्याच वाटांनी गेली. तिच्या मागे जायचं असेल तर मी नंदुरबारचं नाव सुचवेन. आदिवासी आणि खानदेशी गावांमधून माणसं जिथे बाजाराला येतात, त्या गावात गोळीबार झालेल्या चौकात पाच मुलांचं स्मारक आहे. मुंबईहून सुरतमार्गे रेल्वेनं एका रात्रीचा प्रवास. शाळेची सहल काढायची असेल तर आधी गवालिया टँक आणि मग नंदुरबार, याच क्रमानं न्यावी.